सर्राचे नमुने घेण्याआधी

सांगली

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

पुढच्या आठवड्यात तू शिरवळहून पलूस-वाळवा भागातल्या गोठ्यांत सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीमुळे येणारा ताप, तपासायला म्हशींचे रक्तनमुने घ्यायला निघते आहेस. स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) निगेटिव्ह आला की ते जनावर निरोगी गटात टाकायचं, असं तू फोनवर म्हणालीस. तसं करू नकोस. तुझ्या प्रबंधातला तुलनेचा गट तिथेच बिघडेल. का, ते सविस्तर लिहिते.

सर्रा ज्याच्यामुळे होतो त्या ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या एकपेशी परजीवीवर व्हीएसजी या एकाच प्रथिनाचे सुमारे 1 कोटी रेणू दाटीने बसलेले असतात. म्हशीच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली की बहुतेक परजीवी मरतात. पण काही थोड्यांनी तोवर व्हीएसजीचं जनुक बदललेलं असतं. त्याच्या जवळच्या नात्यातल्या ट्रिपॅनोसोमा ब्रूसीमध्ये अशी जनुकं दोन हजारांच्या वर मोजली आहेत. त्यातली बरीच अर्धवट, पण तुकडे जुळवून त्यांचाही वापर होतो. एका वेळी चालू असतं मात्र एकच जनुक. बदललेले परजीवी पुन्हा वाढतात, पुन्हा ताप येतो. शिवाय पेशीवर चिकटलेली थोडी प्रतिपिंडं परजीवी पोहता पोहता मागच्या टोकाकडे ढकलतो आणि कशाभिकेच्या (पोहण्याच्या शेपटीच्या) मुळाशी असलेल्या खळग्यातून आत ओढून पचवतो. त्यामुळे दोन लाटांच्या मधल्या दिवसांत रक्तात परजीवी असतात, पण इतके विरळ की स्मिअरमध्ये एकही सापडत नाही. जनावर आजारीच असतं.

म्हणून ताप मोजल्याशिवाय सुई लावू नकोस. 39.5 अंशांच्या वर असेल तर तेव्हाच कानाच्या शिरेतून थेंब घे आणि बाकी रक्त मानेच्या शिरेतून. ताप नसलेल्या जनावराचा नमुनाही घे, पण काही दिवसांनी पुन्हा एकदा घे. नळी ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची हवी. त्याच कामाचं हेपॅरिन पुढे पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवून शोधण्याच्या चाचणीत) अडथळा आणतं. ताज्या रक्ताची ओली स्लाईड आणि केशनलिकेचं (केसासारख्या बारीक काचनळीचं) काम तीन-चार तासांत उरक. नमुने उन्हात तापलेल्या गाडीत राहिले तर परजीवी मरतात आणि हालचाल दिसत नाही. बर्फाला थेट टेकले तर तांबड्या पेशी फुटतात. मध्ये कापड घाल.

केशनलिका सेंट्रिफ्यूजमध्ये पाच मिनिटं फिरवलीस की पांढऱ्या पेशींचा थर आणि रक्तद्रव जिथे मिळतात तिथे 10 एक्स भिंगाने बघ. घाई करू नकोस, नलिका हळूहळू फिरवत बघ. पातळ स्मिअर मिथेनॉलमध्ये दोन-तीन मिनिटं, मग 7.2 पीएचच्या बफरमधल्या दहा टक्के जिम्सा रंगामध्ये अर्धा तास. बफर आम्ल झालं तर केंद्रक फिकट राहतं आणि सगळा वेळ वाया जातो. इथे दोन फसवणुका आहेत. एक, गुरांत ट्रिपॅनोसोमा थिलेरी सापडतो. तो बहुधा निरुपद्रवी असतो, पण 60-70 मायक्रोमीटर लांब, आणि त्याचा कायनेटोप्लास्ट (केंद्रकाबाहेरच्या डीएनएचा ठिपका) मोठा, केंद्रकाजवळ. इव्हान्साय साधारण 24 मायक्रोमीटरचा. दुसरी, इव्हान्सायच्या काही वाणांत कायनेटोप्लास्टचा ठिपकाच दिसत नाही. त्यामुळे ती स्लाईड बाद ठरत नाही.

या ठिपक्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. ब्रूसीच्या कायनेटोप्लास्टमध्ये डीएनएची मोठी आणि हजारो छोटी वर्तुळं एकमेकांत अडकलेली असतात. इव्हान्सायने मोठी वर्तुळं गमावली, काहींनी छोटीसुद्धा. रक्तात त्याचं भागतं, कारण ऊर्जा ग्लायकोसोम या पेशीतल्या पिशव्यांमधल्या साखरेच्या विघटनातून मिळते आणि एटीपी सिंथेज या ऊर्जेशी संबंधित विकराच्या गॅमा उपघटकातला बदल या नुकसानीची भरपाई करतो. पण ब्रूसी जिच्यात वाढतो त्या आफ्रिकेतल्या त्सेत्से माशीच्या आतड्यात तो वाढू शकत नाही. तरी पसरण्यासाठी त्याला माशीच्या आत वाढावं लागत नाही. टॅबॅनस या चावऱ्या गोमाशीच्या सोंडेवर चिकटून तो शेजारच्या म्हशीकडे जातो. चावा झोंबतो, जनावर झटकतं आणि अर्धवट जेवलेली माशी लगेच दुसरीवर बसते. गोठ्यात जनावरं किती अंतरावर बांधली आहेत हे प्रत्येक नमुन्यासोबत लिहून ठेव.

पीसीआरचा हिशेब असा कर. 200 मायक्रोलिटर रक्तातून डीएनए काढलास, 100 मायक्रोलिटरमध्ये घेतलास आणि त्यातला 5 वापरलास, तर नमुन्यातला विसावा भाग नळीत गेला. त्या 200 मायक्रोलिटरमध्ये एकच परजीवी असेल तर रोटॅट 1.2 या व्हीएसजीच्या एकाच जनुकावरची चाचणी बहुतेक वेळा रिकामी जाईल. 177 बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) आवर्ती, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या, क्रमाच्या मात्र एका परजीवीत सुमारे दहा हजार प्रती असतात, त्यांतल्या पाचशेच्या आसपास त्याच विसाव्या भागात येतील. म्हणून आवर्तीची चाचणी पॉझिटिव्ह आणि रोटॅट निगेटिव्ह हा विरोध नव्हे. आधी आवर्तीची चाचणी लाव, मग 205 बेसचा रोटॅटचा पट्टा बघ. कॅट ही प्रतिपिंडं शोधणारी चाचणी; तिच्यात दिसणारी प्रतिपिंडं परजीवी मेल्यावरही महिनोन्महिने टिकतात, तेव्हा उपचार झालेल्या जनावरात तिच्यावर विसंबू नकोस.

आजारी सापडलेल्यांना डायमिनाझिन हे परजीवीनाशक औषध देताना वजन फीत लावून मोज. अंदाजाने कमी डोस गेला तर वाचलेले परजीवी पुन्हा वाढतात. त्यांत औषध आत घेणारा पी-2 वाहक गमावलेले निघाले तर पुढचा डोसही कमी पडतो. घोड्याला हे औषध देऊ नकोस, त्याला विषारी ठरतं.

2004 साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात इव्हान्साय सापडला होता. आपल्या माणसांच्या रक्तातलं एपोएल-1 हे प्रथिन या परजीवीला मारतं. त्यांच्या दोन्ही जनुकप्रतींत दोष असल्याने ते तयारच होत नव्हतं. सुरामिन देऊन त्यांच्यावर उपचार झाले. असा दोष फार दुर्मीळ, पण तो कुणाला आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही. हातमोजे घालूनच रक्त घे, आणि वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नकोस, थेट डब्यात टाक.

तुझी,
आई