नावं माहीत नसलेल्यांचे आभार

काल निबंध जमा केला. मुदत संपायला ४० मिनिटं होती. त्यात माझं एकट्याचं फार थोडं आहे, म्हणून हे चार शब्द.

ग्रंथालयातल्या प्रतीच्या समासात पेन्सिलीने 'इथे थांब, परत वाच' असं कुणी लिहून ठेवलंय, देव जाणे. (पुस्तकावर लिहू नये, मान्य.) प्रेरणेवरचं ते नेमलेलं प्रकरण मी तीनदा अर्धवट टाकलं होतं. त्या खुणेपाशी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांचा १९७१चा प्रयोग होता. कोडी सोडवण्याचे पैसे मिळालेले विद्यार्थी, पैसे थांबल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे कमी वळले. वाचून चपापलोच. शाळेत मी हौसेने पानंच्या पानं लिहायचो. पुढे गुणांची चटक लागली आणि गुणांपुरतंच लिहायला लागलो.

वाचनकक्षात समोर बसणारी एक ताई. माझा कोरा कागद चार दिवस बघून शेवटी म्हणाली, "सुरुवात राहू दे रे, आधी मधलं लिही." लिहिलं. भिकार होतं, पण निदान खोडायला काहीतरी मिळालं.

आणि वर्गातला तो किंवा ती, जिच्याकडे माझा कच्चा खर्डा निनावी तपासायला गेला. शेरा एकच: 'हे तुझं मत की पुस्तकाचं?' दोन दिवस नुसता राग धरून बसलो. तिसऱ्या दिवशी अख्खं दुसरं पान फाडलं.

तिघांचेही मनापासून आभार. पुस्तक परत केलंय, पेन्सिलीची खूण तशीच आहे.