कौलं शाकारायची कुणी? दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय दळणवळण मंत्री,
संचार भवन, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मी देवगड तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. वाडीत कुणाचं नेट अडलं की हाक मला येते, कारण इंग्रजी मेसेज मी वाचून दाखवतो. माझा अधिकार एवढाच.

एप्रिलात, ऐन हंगामात, शेजारचे बागायतदार मोबाईल घेऊन आले. "गुरुजी, बँकेचा पान उघडता, पण आधी कायतरी लाल इला." ते लाल म्हणजे ब्राउझरचा इशारा होता, की हे पान बँकेचंच आहे याची खात्री पटत नाही. दारात पेट्या भरायला माणसं खोळंबलेली, त्यांनी 'पुढे जा' दाबलं. नंतर बँकेचं चिन्ह जरा फिकट वाटलं म्हणून पासवर्ड टाकता टाकता हात आखडला, ते नशीब.

मोबाईल डेटावर तेच पान नीट उघडलं. म्हणजे खोट राउटरच्या डब्यात. डबा त्यांच्या पडवीत, मीटरखाली खिळ्याला टांगलेला, वर कोळिष्टकं. सेटिंगचं पान उघडलं. नाव 'अॅडमिन', पासवर्डही 'अॅडमिन'. डीएनएसच्या रकान्यात दोन परके पत्ते. डीएनएस म्हणजे कुठलं घर कुठे ते वाट विचारणाऱ्याला सांगणारा नाक्यावरचा माणूस. तोच फितूर झाला तर बँकेला निघालेला भलत्याच्या ओटीवर जातो. खाली फर्मवेअरची, म्हणजे डबा ज्यावर चालतो त्या आतल्या सॉफ्टवेअरची, तारीख होती २०१९ ची, आणि अपडेटचं बटण राखाडी. दाबलं तरी हलेना.

डबा रिसेट केला, पासवर्ड बदलला, डीएनएस पूर्ववत झालं का पाहिलं, बाहेरून सेटिंग उघडायची सोय बंद केली. माझ्या हातात होतं ते झालं. पण ज्यातून चोर आत शिरतो ते फर्मवेअरमधलं भोक असं बुजत नाही. त्याला नवीनच फर्मवेअर लागतं आणि ते फक्त नेट देणाऱ्या कंपनीलाच पाठवता येतं. तिच्या माणसाला फोन केला. "काका, नेट चालता मा? मगे सेटिंगाक हात कशाक लावतास?" पोरगा वाईट नाही. एका मोटरसायकलवर आठ गावं सांभाळतो, वांदरांनी तोडलेली वायर माडावर चढून जोडतो. फर्मवेअर हा शब्द त्याला कुणी सांगितलेलाच नाही.

साहेब, आमच्याकडे पावसाच्या तोंडावर घर शाकारतात. गळत असो वा नसो, कौलं उतरवून फुटकी बदलतात, कारण वर्षभर वांदर त्यावर नाचलेले असतात. घर भाड्याचं असेल तर शाकारणी मालकाने करायची, यावर आजवर कुणाचा वाद नाही. इथे डबा कंपनीचा, किल्ली कंपनीकडे, आणि गळती मात्र भाडेकरूच्या डोक्यावर.

त्यात आमची आणखी एक गंमत. वळवाच्या गडगडाटात डबे जळतात. मग केबलवाला दुसऱ्या कुणाच्या घरून काढलेला जुना डबा पुसून लावून जातो. त्यात कुठल्या सालचं फर्मवेअर आहे हे ना तो बघत, ना आम्ही.

कंपनीला हे जमत नाही असं कुणी सांगू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख राउटर एका हल्ल्यात कोलमडले. हल्लेखोर आले ते कंपन्या दुरून डबे सांभाळायला जो मार्ग ठेवतात त्याच मार्गाने. तिथल्या कंपनीने थोड्याच दिवसांत नवीन सॉफ्टवेअर तयार केलं आणि ग्राहकांना म्हटलं, प्लग काढून पुन्हा लावा, ते आपोआप चढेल. (प्लग काढायचीही गरज आम्हाला नाही. वीज दिवसातून चारदा जाते.) जुलै २०१७ मध्ये आपल्याकडेही हजारो मोडेम असेच बंद पडले, आणि ग्राहकांना सांगण्यात आलं की पासवर्ड बदला. पासवर्ड बदलायचा कुठे, हे आमच्या वाडीत तरी कुणी सांगायला आलं नाही.

दूरसंचार उपकरणं विक्रीआधी तपासून घेण्याचा नियम तुमच्याच खात्याने २०१७ साली आणला. चांगला नियम आहे. पण भोकं सापडतात ती डबा खिळ्याला लागल्यावर. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच ठरावीक पासवर्ड देऊन विकायला बंदी आहे, आणि सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील ते कंपनीला जाहीर करावं लागतं. आमच्या हापूसवर आता नंबराचं स्टिकर लागतं, कुठल्या बागेतला ते कळावं म्हणून. आठ दिवसांत संपणाऱ्या फळाचा एवढा हिशेब, आणि सहा वर्षं घरात राहणाऱ्या डब्यावर नुसता बारकोड!

तेव्हा मागणं असं. ज्या डब्याची किल्ली कंपनीने स्वतःकडे ठेवली आहे, त्याचे अपडेट ठरलेल्या मुदतीत देणं परवान्यातच बंधनकारक करा. ते देता येत नसेल तर डबा फुकट बदलून द्यायला लावा. जुना डबा दुसऱ्या घरी लावण्याआधी नवीन फर्मवेअर चढवलंच पाहिजे. आणि भोक सापडलं की मराठीत एक मेसेज येऊ दे. रिचार्ज संपायच्या आधी तीन दिवस रोज येतो, तसा.

शेजाऱ्यांच्या पडवीत डबा अजून तोच आहे. बँकेचं काम ते आता मोबाईल डेटावर करतात. त्यासाठी मागच्या गडग्यावर चढून उभं राहावं लागतं, कारण रेंज फक्त तिथेच येते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग