शाळेआधी वस्ती पाहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जूनच्या मध्यास शाळा उघडतील आणि शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड झालेले कोकणातले, विदर्भातले नवे शिक्षक सोलापूर शहरात व जिल्ह्यात रुजू होतील. त्यांच्या तयारीविषयी एक सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या पुतणीने गेल्या वर्षी नैर्ऋत्य अलास्कात, कुस्कोक्विम नदीकाठच्या, युपिक या तेथल्या मूळ रहिवासी लोकांच्या एका खेड्यात शिक्षिकेची नोकरी धरली. त्या भागातले मोठे गाव म्हणजे बेथेल. पण बेथेललाही बाहेरून रस्ता नाही, विमान किंवा बोट, आणि हिवाळ्यात गोठलेली नदी हाच मार्ग. शाळा ऑगस्टमध्ये भरणार असूनही ती जुलैतच तेथे जाऊन राहिली आणि नदीकाठी बायकांबरोबर बसून सामन मासे चिरून वाळत घालायला शिकली. (आमच्या शाकाहारी घरात या बातमीने काय झाले, ते येथे सांगत नाही.) तेथे तिला कळले, की युपिक मुले ‘हो’ म्हणायला नुसत्या भुवया उंचावतात आणि ‘नाही’ला नाक आक्रसतात. हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाला मूल गप्पच बसले आहे असे वाटते आणि तो तोच प्रश्न आवाज चढवून पुन्हा विचारतो. त्यांची मोजणी विसाच्या पटीत चालते आणि विसासाठीचा शब्दच ‘माणूस’ या शब्दावरून आला आहे, कारण हातापायांची बोटे संपली की माणूस पुरा होतो. माझी आजीही ‘दोन इसा आन् पाच’ असेच मोजत असे. नुकत्याच वारलेल्या माणसाचे नाव तेथे नव्या बाळाला देतात आणि नावाबरोबर नातेही येते, त्यामुळे एखादी म्हातारी सहा वर्षांच्या मुलीला ‘आई’ म्हणून हाक मारते. आजेसासऱ्यांचे नाव मुलाला ठेवल्यावर त्याला त्या नावाने हाक न मारणाऱ्या आपल्या सुनांना हे समजावून सांगावे लागणार नाही.

याच मुलांच्या आजी-आजोबांना शाळेत युपिक बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. 1970 मध्ये काही खेड्यांत युपिक व इंग्रजी अशा दोन्ही भाषांतले वर्ग सुरू झाले आणि 2014 मध्ये अलास्काने युपिकसह 20 मूळ भाषांना अधिकृत दर्जा दिला.

पुतणीचे फोन ऐकताना मला माझे नोकरीचे पहिले वर्ष आठवत राहिले. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागातल्या एका शाळेत मी रुजू झाले, तेव्हा तिसरीतला एक मुलगा ‘बाई, माझा पाटी फुटला’ म्हणाला आणि मी हसले. मग सगळा वर्ग हसला. तो मुलगा त्या वर्षी पुन्हा आपणहून बोलला नाही. तेलुगू व कन्नड या भाषांत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखे स्त्रीलिंग-पुल्लिंग नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्याची आई घरी बिड्या वळत होती आणि हजार बिड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब तो मुलगाच ठेवत होता, हेही मला दोन वर्षांनी कळले, आणि तोवर मी त्याला गणितात ‘कच्चा’ ठरवून मोकळी झाले होते.

अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी घरे आहेत, दिवाळीपूर्वीच ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आहेत, आणि काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणाऱ्या, इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्यांची नातवंडे-पतवंडे आज याच शहरात शाळेत येतात. तो कायदा 1952 मध्ये गेला, तरी त्यांच्याकडे पाहणारी नजर सगळ्यांची बदललेली नाही. नव्या शिक्षकाला यातले काहीही सभागृहातल्या भाषणातून कळणार नाही.

म्हणून माझी विनंती अशी, की जिल्हा परिषद व महानगरपालिकेच्या शिक्षण विभागांनी शाळा उघडण्यापूर्वीच्या प्रशिक्षणातले किमान तीन दिवस नव्या शिक्षकांना त्यांच्या शाळेच्या वस्तीत घालवू द्यावेत, घरोघरी नेणारे माणूस त्याच वस्तीतले असावे, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडून एकही तक्ता भरून घेऊ नये. यासाठी वेगळा निधी लागत नाही. पूर्व भागापुरते सोबत जायला मी तयार आहे. गुडघे कुरकुरतात, पण कन्ना चौकापासून पुढच्या गल्ल्या अजून चालवतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर