एका डोळ्याने पाहताना

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू रागावून विचारलेस की, डोळ्याला एवढे झाले होते तर ऑपरेशनची तारीख ठरेपर्यंत मला कळवले का नाही. त्या वेळी माझ्याकडून नीट उत्तर दिले गेले नाही. तुझ्या रागाच्या आड भीती आहे हे आवाजावरून कळत होते आणि त्यामुळे माझेही शब्द अडखळले. म्हणून आज सावकाश लिहिते आहे. तुझ्यापासून मी काही लपवले नव्हते. उजव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) मध्यभागी बारीक छिद्र पडले होते, पण हा बिघाड पाच महिने मलाच समजला नाही, कारण डावा डोळा त्याची उणीव भरून काढत होता.

आधी फक्त वाचताना मन लागेनासे झाले. ओळीतला एखादा शब्द पुसट वाटे, सुईत दोरा ओवताना तो नेमका नेढ्याच्या बाजूने जाई. चष्मा बदलला, मोतीबिंदूची सुरुवात आहे, वयाप्रमाणे चालायचेच, असे सांगण्यात आले आणि मलाही ते पटले. मग एका दुपारी डाव्या कुशीवर पडले असताना डावा डोळा उशीत दबला होता आणि समोर दाराची चौकट होती. त्या चौकटीची सरळ कड मध्येच आत ओढल्यासारखी दिसली, जणू कोणी तिला चिमटीत धरले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या आठ तारखेकडे पाहिले, तर भोवतीचे सारे आकडे जागेवर आणि आठच तेवढा नाही. नजर बारावर नेली की आठ परत आला आणि बारा गेला. डावा डोळा उघडला की चौकट सरळ. मी हे दहा वेळा तरी करून पाहिले असेल, आणि प्रत्येक वेळी पोटात गोळा आला.

तपासणीत डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या. डॉक्टरांनी प्रकाशाची एक बारीक उभी रेघ उजव्या डोळ्यात टाकली आणि ती अखंड दिसते का, असे विचारले. ती मध्ये तुटलेली दिसत होती. त्यानंतर ओसीटी नावाचे स्कॅन झाले. त्यात काही दुखत नाही, हनुवटी टेकवून खुणेकडे पाहत राहायचे एवढेच. पडद्याच्या थरांचे आडवे छेदचित्र समोर आले. थर दोन्ही बाजूंनी शेताच्या बांधासारखे चढत आले होते आणि नेमके मध्यभागी बांध फुटावा तशी मोकळी जागा होती. तिची रुंदी 380 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. एवढ्याशा जागेत माझे वाचन आणि माणसांचे चेहरे मावलेले होते, हे मला त्या दिवशी कळले. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग म्हणजे पीतबिंदू, ज्याला डॉक्टर मॅक्युला म्हणतात. बारीक अक्षर वाचणे आणि ओळख पटवणे त्याच्या अगदी मधल्या खळग्यावर अवलंबून असते. माझे छिद्र तिथेच होते, म्हणून कडेचे सारे दिसत असूनही जिच्याकडे बघावे ती गोष्टच नाहीशी होत होती.

तू मोबाइलला दोष दिलास, पण तसे नाही; वाचनाने, शिवणाने किंवा मोबाइलच्या स्क्रीनकडे बघण्याने हे छिद्र पडत नाही. डोळ्याच्या पोकळीत सुमारे चार मिलिलीटर काचेसारखा पारदर्शक जेल असतो आणि तो जवळजवळ सगळा पाणीच असतो. वय वाढते तसा तो पातळ होऊन आक्रसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटा होतो. बहुतेकांच्या बाबतीत हे निमूटपणे होते, फार तर डोळ्यांपुढे काही ठिपके तरंगतात. काहींच्या डोळ्यात मात्र तो मधल्या खळग्याला चिकटून राहतो आणि ओढत राहतो. ताण असह्य झाला की तिथला पडदा फाटतो. साठीनंतर हे जास्त आढळते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक. अगदी सुरुवातीला, छिद्र पूर्ण पडण्याआधी ओढ आपोआप सुटली, तर डोळा स्वतःहून सावरू शकतो. म्हणून अशा वेळी डॉक्टर काही काळ वाट पाहतात. माझ्या डोळ्यात ती वेळ निघून गेली होती.

इथे मला तुझ्या आजीची आठवण येते. शेवटच्या काही वर्षांत ती समोरच्याकडे सरळ न पाहता मान वळवून कडेने पाहायची, आणि आम्ही मुली त्याला तिचा तिरसटपणा समजत होतो. तिला नेमके काय झाले होते ते आता कोणीच सांगू शकणार नाही, पण मधली नजर गेलेला माणूस असाच कडेच्या नजरेने पाहतो, हे मी आता स्वतः करून बसले आहे. तिला मी एकदाही विचारले नाही, याचे फार वाईट वाटते. तिच्या काळी विचारूनही पीतबिंदूच्या छिद्रावर उपाय मिळाला नसता. केली आणि वेंडेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेने अशी छिद्रे मिटू शकतात हे 1991 साली प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्या 52 डोळ्यांपैकी 30 डोळ्यांत यश आले होते. आज दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक छिद्रे पहिल्याच शस्त्रक्रियेत मिटतात.

ऑपरेशन डोळा बधिर करून झाले. डोळ्याच्या पांढऱ्या भागात मिलिमीटरपेक्षा लहान छेद देऊन आतला जेल काढला, पडद्यावरचे पापुद्र्याहूनही पातळ आवरण निळ्या रंगाने रंगवून छिद्राभोवतीपुरते सोलले आणि पोकळीत वायू भरला. तो वायू वर तरंगतो, म्हणून मान खाली घातली की तो पडद्याच्या मध्यभागी टेकतो आणि छिद्राच्या कडा जवळ यायला मदत होते. मान किती दिवस खाली घालायची याबाबत डॉक्टरांमध्ये एकमत नाही. छिद्र लहान असेल तर मान खाली घालण्याची फारशी गरज नसावी असे आता बरेच जण मानतात. मला पाच दिवस सांगितले होते आणि मी ते पाळले. डोळ्यापेक्षा मान आणि खांदेच अधिक दुखले.

तुझ्याकडे विमानाने येणे मी का टाळले, तेही याच वायूमुळे. उंचावर हवेचा दाब कमी झाला की डोळ्यातला फुगा फुगतो, आतला दाब वाढतो आणि नजर कायमची जाऊ शकते. याच कारणासाठी भूल देताना वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइडही वर्ज्य असतो. म्हणून डोळ्यात वायू असल्याची सूचना देणारी पट्टी माझ्या मनगटावर आहे, आणि वायू पूर्ण विरल्याचे डॉक्टर सांगेपर्यंत मी ती काढणार नाही. काही वायू दोन आठवड्यांत विरतात, माझा सुमारे दोन महिने टिकणारा आहे.

आज सहावा आठवडा आहे. सुरुवातीला त्या डोळ्याने हाताची हालचाल तेवढी कळत होती. नंतर वरच्या बाजूने स्वच्छ दिसू लागले आणि खाली पाण्याच्या पातळीसारखी एक रेघ हलू लागली, मान हलली की तीही हिंदकळायची. ती दिवसेंदिवस उतरत गेली. आता तळाशी वाटाण्याएवढा गोल फुगा उरला आहे आणि खाली वाकले की तो मध्यभागी येतो.

मागच्या आठवड्यातल्या स्कॅनमध्ये छिद्र मिटलेले दिसले. तरीही डोळा पहिल्यासारखा होईल, अशी आशा तू धरू नकोस. मीही धरलेली नाही. आधी तक्त्यावरचे सर्वांत वरचे अक्षर तेवढे दिसत होते, आता त्याखालच्या तीन ओळी वाचता येतात, चौकटीला मात्र अजून किंचित बाक आहे. सुधारणा वर्षभर होत राहू शकते, आणि छिद्र जितके जुने व मोठे तितकी ती कमी होते. गेलेल्या पाच महिन्यांची हळहळ वाटते ती त्यामुळेच. या शस्त्रक्रियेनंतर मोतीबिंदूही झपाट्याने वाढतो, तेव्हा वर्षा-दोन वर्षांत पुन्हा एक ऑपरेशन करावे लागेल, हे आत्ताच सांगून ठेवते.

दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे, म्हणून रोज सकाळी चष्मा लावून, एकेक डोळा झाकून चौकोनांचा एक तक्ता मी पाहते. तुझ्या बाबांनाही तो पाहायला लावला आणि त्यांच्या रेघा सरळ निघाल्या. मात्र ज्याला त्या अचानक वाकड्या दिसतील त्याने थांबू नये, कारण पीतबिंदूची झीज होऊन आत रक्तस्राव झाला तरी रेघा अशाच वाकतात आणि तिथे काही दिवसांची दिरंगाईही महागात पडते.

हा आजार आईकडून मुलाकडे येतो असे नाही. पण तुझा उणे नंबर बराच मोठा आहे, आणि अशा लांबट डोळ्याचा पडदा ताणलेला, पातळ असतो. बाहुल्या मोठ्या करून पडदा दर वर्षी तपासून घे. कधी डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे झाले, काळ्या ठिपक्यांचा एकाएकी पाऊस पडला किंवा कडेने सावली सरकत आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. कामाचे कारण सांगू नकोस.

हे पत्र वाचून झाले की आधी उजवा आणि मग डावा डोळा तळहाताने झाक, डोळ्यावर दाब देऊ नकोस, आणि समोरच्या खिडकीच्या गजांकडे बघ. पुढच्या फोनवर काय दिसले ते आधी सांग, मग बाकीचे बोलू.

तुझी,
आई