वर्षाच्या लेकराला चापट कशाला?

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात दहावी-बारावीच्या पोरांची शिस्त, मोबाईल, क्लासेस यावर बरंच येतं, लातूर पॅटर्नचा जिल्हा म्हटल्यावर येणारच, पण जे लेकरू अजून रांगतंय नाहीतर भिंत धरून उभं राहतंय त्याच्या शिस्तीबद्दल कुणीच लिहीत नाही. मी अंगणवाडीत काम करते, गृहभेटीला घरोघर जाते, म्हणून हे पत्र.

आठ-दहा महिन्यांचं लेकरू वाटी खाली टाकतं, आपण उचलून देतो, ते परत टाकतं. घरचे म्हणतात हट्टी झालंय, मुद्दाम करतंय, आणि हातावर चापट बसते. अहो, वाटी पडली की आवाज कसा येतो, ती जाते कुठं, माय उचलते का, हे ते बघत असतं, त्या वयाचा तोच अभ्यास. "नको" म्हटलेलं त्याला थोडंथोडं कळायला लागतं हे खरं, पण कळलं तरी हात मागं घेणं जमत नाही, कारण स्वतःला आवरायचं काम मेंदूच्या ज्या पुढच्या भागाकडं असतं तो पुरता तयार व्हायला वयाची विशी ओलांडावी लागते. चापटीनं ते फक्त घाबरतं. आणि रागाच्या भरात दंडाला धरून गदागदा हलवणं तर कधीच नाही, मेंदूत रक्तस्राव होऊन लेकरू दगावू शकतं, हे मी प्रत्येक घरी सांगते.

मग मोकळं सोडायचं का? बिलकुल नाही. आपल्याकडं तर मर्यादा जास्तच पाहिजे. 2016 ला ज्या लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं आजही घरोघरी टिपाडं, बादल्या, हौद भरून ठेवलेले असतात, आणि रांगतं लेकरू डोक्यावर बादलीत गेलं तर त्याला आपलं आपण वर येता येत नाही, वीतभर पाणीसुद्धा जीव घेतं. तिथं नुसतं "जाऊ नको" म्हणून भागत नाही. झाकण लावा, रिकामी बादली पालथी घाला, चहाचं पातेलं हाताला येईल असं ठेवू नका. एवढं केलं की ओरडायची निम्मी कारणं संपतात. मग केस ओढणं, चावणं, प्लगमध्ये बोट घालणं अशा राहिलेल्या गोष्टींसाठी एकच शब्द ठरवा, डोळ्यात बघून हळू आवाजात "नको" म्हणा, लगेच उचलून दुसरीकडं बसवा आणि हातात चमचा-डबा काहीतरी द्या. उद्या परत तेच करावं लागंल, परवाही. अंगावर पिताना चावलं तर किंचाळू नका, काही लेकरांना तो खेळच वाटतो, करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून अलगद सोडवा, जरा थांबून परत पाजा.

खरी अडचण मोठ्या माणसांची आहे. आई नको म्हणते, आत्या देते, बाप हसतो. लेकरानं आजोबाच्या तोंडावर मारलं की सगळे टाळ्या वाजवतात, "अजून एक मार" म्हणतात, आणि तेच पाहुण्यासमोर केलं की रट्टा! पडलं की फरशीला मारून दाखवायचं, म्हणजे लागलं की मारायचं असतं हे आपणच शिकवतो. झोपत नाही म्हणून डॉक्टरच्या सुईची भीती घालतात, मग लसीच्या दिवशी तेच लेकरू नर्सताईला बघूनच किंकाळ्या फोडतं.

आज्यांना मी दोष देत नाही. ठरल्या वेळेला तेल-अंघोळ, मऊ भात, झोळीतली झोप हे त्यांनीच टिकवलंय, आणि पुढं काय होणार हे कळलं की लेकरू आपोआप शांत राहतं, माझ्या मते पहिली शिस्त हीच. फक्त भरवताना मोबाईल नको. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच सांगितलंय, पहिली दोन वर्षं स्क्रीन नकोच.

तुम्हाला विनंती एवढीच, आठवड्यातून एकदा बालरोगतज्ज्ञांकडून दोन वर्षांच्या आतल्या लेकरांबद्दल साध्या भाषेत आणि जरा मोठ्या अक्षरात छापा, आज्यांनाही वाचता येईल असं. ते कात्रण मी अंगणवाडीच्या भिंतीवर लावीन आणि पालक मेळाव्यात वाचूनही दाखवीन.

आपली वाचक,
एक अंगणवाडी सेविका, ता. औसा, जि. लातूर