‘खरा काय ता सांग’ म्हणणाऱ्या मावशीस

प्रिय मावशी,

सलाम.

हे पत्र घरी आणून देण्याऐवजी सगळ्यांसमोर लिहितोय, ते तुम्हाला आवडणार नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून तुमचं नाव कुठेच घालत नाही. वेंगुर्ल्याच्या बाजूची जी माणसं तुम्हाला ओळखतात, ती ओळखतीलच. पण मी खोटं बोललो होतो ते भर मंडळीत, उभं राहून. मग आभार तेवढे दाराआड मानायचे, हे काही मनाला पटेना.

१६ मे २०२१ला रविवार होता. कोरोनामुळे देऊळ, म्हणजे आपलं चर्च, बंद आणि भक्ती फोनवर. पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचत असतानाच फोन बंद पडला, आणि मग दिवसभर नुसता वारा. तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलंच नाही, समुद्रातून वर सरकत दुसऱ्या दिवशी रात्री गुजरातेत शिरलं. नुसतं बाजूनं जाताना त्यानं काय केलं ते आपण पाहिलं. माझ्या साठ कलमांतली चौदा आडवी झाली. त्यातली नऊ बाबांच्या हातची. शेवटच्या तोड्याचा हापूस अजून झाडावर होता, तो सगळा चिखलात. एरवी पडीचा आंबा कॅनिंगला तरी जातो, पण रस्त्यांवर झाडं पडलेली, वाडीत नऊ दिवस वीज नाही, आणि टाळेबंदी होतीच.

हे सगळ्यांना माहीत होतं. वाडीत कुणाचं नुकसान झालं नव्हतं? माहीत नव्हतं ते निराळं. व्यापाऱ्याकडून हंगामाआधी उचल घेतली होती, सोसायटीचं पीककर्ज होतं, आणि मार्चमध्ये फवारणीला पैसे कमी पडले तेव्हा मी बायकोच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. तिला न विचारता. त्या बँकेच्या लॉकरात ठेवल्यात, असं तिला सांगितलं होतं. सगळं मिळून चार लाख साठ हजार. पावसाळाभर मी हा आकडा एकट्यानं पोटात घेऊन फिरत होतो. रात्री प्रार्थनेला बसायचो तेव्हाही तो आकडा देवाला सांगत नव्हतो. “प्रभू, तू सर्व जाणतोस” म्हणायचो आणि पुढे सरकायचो.

७ ऑक्टोबरला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची भक्ती होती. कुणाला साक्ष द्यायची आहे का, असं विचारलं, आणि मी उठलो. काय बोललो ते शब्द न् शब्द आठवतंय. प्रभूनं वादळातून सुखरूप राखलं, माझ्या घराला काही उणं पडू दिलं नाही, आमच्या घरात शांती आहे. लोक “आमेन” म्हणाले. बायको बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होती. ती खाली फरशीकडे बघत होती. त्या सकाळी आमचं एवढं भांडण झालं होतं की धाकटी रडत रडत शेजारी जाऊन बसली होती.

तुम्ही भक्ती सुटल्यावर काहीच बोलला नाहीत. गुरुवारी संध्याकाळी बागेत आलात. आकाश निरभ्र, तरी हातात छत्री. पडलेल्या कलमाच्या खोडावर बसलात आणि म्हणालात, “साक्ष ऐकलंय तुजी. आता खरा काय ता सांग.”

मी सगळं ठीक असल्याचं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि गप्प बसलात. उठून गेला नाहीत, हे विशेष. चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळ्या केलेल्या बाईला गप्प बसणं किती येतं, ते मला त्या दिवशी कळलं. घरी परतणारे बगळे गेले, अंधार पडायला लागला, डास चावायला लागले, आणि माझ्या तोंडून पाटल्यांचं निघालं. मग उचल. मग आकडा.

मला वाटलं, आता तुम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कराल. तुम्ही विचारलंत, “तिका सांगितलंस?”

“नाही.”

“मगे माका कित्याक सांगतंस? पयला तिका सांग, मगे माका.”

आणि छत्री घेऊन निघालात.

मावशी, त्या रात्री मला तुमचा राग आला होता. मन मोकळं करायला एक माणूस मिळालं होतं, तेही निघून गेलं असं वाटलं. आज कळतं की तुम्ही तिथं बसून माझं गुपित सांभाळायला घेतलं असतंत, तर मी ते तुमच्यापाशी ठेवून पुन्हा हलका झालो असतो, आणि घरी तेच खोटं चालू राहिलं असतं.

मी तिला सांगितलं. गहाणाची पावती तिला ऑगस्टमध्येच सापडली होती. दोन महिने ती मी कधी सांगतो याची वाट बघत होती. नंतरचे नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी म्हणाली की पाटल्यांचं दुःख नाही, पण तू देवळात उभा राहून शांती आहे म्हणालास ना, तेव्हापासून माझ्याच्यानं प्रार्थना होत नाही. हे ऐकणं कर्जापेक्षा जड होतं. मी घाईघाईनं चल, आता दोघं मिळून प्रार्थना करू म्हणालो. ती सरळ नको म्हणाली.

मी तुमच्याकडे तक्रार घेऊन आलो, तर तुम्ही तिची बाजू घेतलीत. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण दिलंत. त्यांचे यजमान, कवी रेव्हरंड टिळक, यांचा जन्म आपल्याच कोकणातला, १८६१चा. १८९५मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण नवरा ख्रिस्ती झाला म्हणून लक्ष्मीबाई मागोमाग गेल्या नाहीत. वर्षं गेली, त्यांना स्वतःला पटलं, तेव्हा त्या ख्रिस्ताकडे आल्या. “नवऱ्याच्या सोयीसाठी केलेली प्रार्थना देवाक नको असता,” म्हणालात. मी थांबलो. ख्रिसमसच्या आदल्या रात्री मुलं झोपल्यावर ती आपणहून माझ्या शेजारी येऊन बसली. त्या रात्रीबद्दल याहून जास्त लिहीत नाही, ते आमच्या दोघांचं आहे.

कर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात तुमचं काम साधंच होतं. दवाखान्याच्या जुन्या वहीत उभ्या रेघा मारून कुणाचं किती, ते तुम्ही माझ्या हातानं लिहून घेतलंत आणि एकेकाकडे जाऊन तोंड दाखवायला लावलंत. सोसायटीनं मुदत वाढवली. व्यापाऱ्यानं दोन हंगाम माल त्यालाच घालायच्या बोलीवर थांबायचं कबूल केलं. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागलं. आडव्या झालेल्या चौदांपैकी सहा कलमं फांद्या छाटून, कापल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावून, मुळांना माती देऊन उभी केली. चार जगली.

मला जास्त लिहायचंय ते गुरुवारांबद्दल.

त्या हिवाळ्यात दर गुरुवारी तुमच्या पडवीत आपण बायबलातलं ईयोबाचं पुस्तक वाचलं. बेचाळीस अध्याय. लहानपणापासून मला ईयोब म्हणजे सोसणारा, ‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले’ म्हणणारा एवढाच माहीत होता. मंडळीत प्रवचनं होतात तीही पहिल्या दोन अध्यायांवर आणि शेवटच्यावर. मधले कुणी वाचत नाही. ते तुम्ही वाचून घेतलेत. त्यात तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाशी वाद घालतो, माझा खटला ऐक म्हणतो. मी दचकलो होतो, असं बोललेलं चालतं? त्याचे मित्र मात्र सगळं बरोबर बोलतात. देव न्यायी आहे, पापाची शिक्षा मिळते, पश्चात्ताप कर. आणि तेराव्या अध्यायात ईयोब त्यांना विचारतो, तुम्ही देवाच्या वतीनं खोटं बोलणार काय?

तिथं तुम्ही बोट ठेवलंत आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत. बोलला काहीच नाहीत.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नकोस, ही आज्ञा मी शब्बाथशाळेत असल्यापासून पाठ म्हणत आलो. देवाच्या बाजूनं दिलेली साक्षही खोटी असू शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मी त्या रविवारी देवाची लाज राखत होतो, असं मला वाटत होतं. राखत होतो माझी. आणि शेवटच्या अध्यायात देव कुणावर रागावतो? त्याच्याशी भांडणाऱ्या ईयोबावर नाही, त्याची बाजू घेणाऱ्या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब बोलला तसं तुम्ही नीट बोलला नाहीत, असं त्यांना सांगतो. त्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती, तीही तुम्हीच दाखवलीत. सुरुवातीला ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते.

संकटानं विश्वास वाढतो असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मला ते आता असं सरसकट पटत नाही. माझा विश्वास त्या पावसाळ्यात वाढत नव्हता, कोंडलेल्या आढीतल्या आंब्यासारखा आतून काळा पडत होता. बायबलातलं याकोबाचं पत्र आपण नेहमी पहिल्या अध्यायापुरतं वाचतो, परीक्षा येतात तेव्हा आनंद माना, त्यातून धीर उत्पन्न होतो. ते खरं आहे. पण त्याच पत्राच्या पाचव्या, शेवटच्या अध्यायात तो सांगतो की एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, म्हणजे तुम्ही बरे व्हाल. पहिला अध्याय मला वादळानं दिला होता. पाचवा तुम्ही चालत घेऊन आलात.

‘एकमेकांजवळ’ म्हणजे काय, तेही तिथंच कळलं. जानेवारीतल्या एका गुरुवारी पुस्तक मिटून तुम्ही म्हणालात की तुमचे यजमान वारले त्यानंतर दोन वर्षं तुम्ही गायनमंडळात उभ्या राहून नुसते ओठ हलवत होतात. आवाज काढत नव्हतात. कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तुम्हीही कुणाला सांगितलं नाहीत. मग विचारलंत, “माज्यासाठी प्रार्थना करशीत?” मी! गळ्यापर्यंत कर्जात असलेला, खोटी साक्ष दिलेला. मला शब्द सुचेनात. चार वाक्यं कशीबशी बोललो. आयुष्यात पहिल्यांदा प्रार्थनेत एकही पाठ केलेलं वाक्य नव्हतं.

आणि ते भांडण. तेही लिहितो, कारण ते टाळलं तर हे पत्र पुन्हा त्या साक्षीसारखं होईल. माझ्या कर्जाची गोष्ट तुमच्याकडून मंडळीतल्या एका बाईच्या कानावर गेली होती. तिनं मदत करावी म्हणून तुम्ही सांगितलं असेल, पण मला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकावी लागली. पूर्वीचा मी असतो तर हसून चालतं म्हटलं असतं आणि गुरुवारी यायचा बंद झालो असतो. त्या दिवशी मी तुमच्या पडवीत उभं राहून म्हणालो की तुम्ही चुकलात, मला लागलं. तुम्ही आधी थोडं समर्थन केलंत. मग गप्प झालात. दुसऱ्या दिवशी सकाळी, गुडघे दुखत असताना चढण चढून आमच्या दारात आलात आणि माझ्या बायकोसमोर म्हणालात, “माजा चुकला रे झिला.” बहात्तराव्या वर्षी. आमची मोठी तिथं पेज पीत होती, तिनं ते पाहिलं. घरात मी तिला कितीही शिकवण दिली असती तरी एवढं तिच्यात उतरलं नसतं. आता तिचं काही चुकलं की ती आपणहून येऊन सांगते, मालवणीत, तुमच्याच शब्दांत.

पौल आणि बर्णबा या दोघा प्रेषितांचं सोबती मार्कावरून एवढं बिनसलं की दोघं वेगवेगळ्या वाटेनं गेले, हे बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात झाकून ठेवलेलं नाही. आणि पुढे तोच पौल तीमथ्याला लिहितो की येताना मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. या दोन वाक्यांच्या मधे काय घडलं ते लिहिलेलं नाही. मला वाटतं, कुणीतरी कुणाच्या तरी पडवीत गेलं असेल.

१७ एप्रिल २०२२ला पुनरुत्थानाचा सण, ईस्टर होता. त्याच्या पुढच्या रविवारी मी पुन्हा उभा राहिलो. ऑक्टोबरमधली साक्ष खरी नव्हती, एवढं सांगितलं, का नव्हती ते सांगितलं, आणि प्रभूनं मला वाचवलं ते वादळातून नव्हे, त्या खोट्यातून, असं म्हणून बसलो. कुणी “आमेन” म्हणालं नाही. पंखा फिरत होता त्याचा आवाज येत होता. मग बायकांच्या बाजूनं एक आवाज आला, तिसऱ्या बाकावरून. तो तुमचा नव्हता.

त्या आठवड्यात नवाबागेकडचे एक रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, काका रात्री आमच्याकडे आले. मुलगा दारूत बुडालाय, सहा वर्षं मंडळीत मुंबईला नोकरीला आहे म्हणून सांगतोय, असं म्हणाले आणि रडले. मी काय करणार? मी त्यांच्याजवळ बसलो. चहा गार झाला. नंतर मी विचारलं, काकींना हे सगळं सांगितलंय का?

मावशी, हे मी कुठून शिकलो ते तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी आभार. छत्री घेऊन आलात त्यासाठी, आणि छत्री घेऊन निघून गेलात त्यासाठी त्याहून जास्त.

आता तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, तेव्हा वाचायचं काम माझं. गुरुवारी येतो, हे पत्रही तुम्हाला वाचून दाखवतो. कुठं वाढवून लिहिलं असेल तर तिथं थांबवा. तिथल्या तिथं खोडतो.

तुमचो,
झील