म्हशीचं काय करायचं, ते तू येऊन सांग

कोल्हापूर,
रविवार, रात्र

प्रिय विज्या,

सप्रेम नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर हे बोलता येत नाही. आप्पा दिवसभर सोप्यात बसून असतात आणि ब्याऐंशी झाली तरी कान खणखणीत. गच्चीवर जाऊन बोलावं तर मागनं सुलू येते, ‘कुणाचा फोन?’ म्हणत. तिलाही यातलं काही ठाऊक नाही. ठाऊक असणारे आपण तिघंच, आणि त्यातला एकटा तू नागपुरात.

तब्येती सगळ्यांच्या बऱ्या. सुलूचा गुडघा, माझी शुगर, जे होतं तेच. आप्पांच्या दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू मे महिन्यात काढला.

आता ऐक. परवा आप्पांनी म्हस, म्हणजे आपली ती जुनी गाडी, पन्हाळ्याला नेली. एकट्यानं.

सकाळी ‘उद्यमनगरात जाऊन येतो’ म्हणून निघाले. दुपारी दोनला परत. चेहरा फुललेला. ‘पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाऊन आलो,’ म्हणाले. सुलू चिडली, पण आई गेल्यापासून ते एवढे हसलेले मी पाहिले नव्हते, म्हणून गप्प बसलो. संध्याकाळी ताडपत्री घालायला गेलो. डावं मडगार्ड पुढच्या दिव्यापासून दाराच्या मुठीपर्यंत खरवडलेलं. दिव्याच्या रिंगमध्ये लाल माती ठासून बसलेली, त्यात गवताची दोन पाती मुळासकट. चाकाजवळ वाकलो तर ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास. मग आत बसून ब्रेक दाबला. पहिल्यांदा पॅडल सरळ तळाला गेलं. दुसऱ्यांदा अर्ध्यावर थांबलं. तिसऱ्यांदा दाबल्यावर वर आलं.

मी तसाच स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिलो, विज्या. डावी बाजू, लाल माती, तोच वास. तुला आता पुढचं सांगायला नकोच.

तरी सांगतो, कारण इतक्या वर्षांत आपण दोघंही त्यावर धड बोललेलो नाही. ताईच्या डोहाळजेवणाला निघालो होतो, डिकीत गुळाचे रवे, मागं तू आणि टोपल्या. अंबा घाट उतरताना, साखरप्याच्या बऱ्याच अलीकडं आप्पा म्हणाले, ‘ब्रेक नाही. गप बसा.’ आवाज चढवला नाही, मागं बघितलं नाही. तिसऱ्यातून दुसरा टाकला, दुसऱ्यातून पहिला, आणि इंजिन असं किंचाळलं की आता फुटतंय. तू मागच्या सीटवरून पुढं झेपावून दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढलास. आप्पांनी डोंगराच्या अंगाला गाडी घासत घासत नेली आणि गटारात चाक घालून थांबवली. खाली उतरून आधी तुला विचारलं, ‘लागलं का?’ मग मला. आणि मग, ‘घरात सांगायचं नाही.’

आपण नाही सांगितलं. ताईकडं पोचल्यावर तू बैलगाडी घासली म्हणून ठोकून दिलंस आणि ताईच्या सासूबाईंनी ‘अगोबाई, बैलाला नाही ना लागलं?’ असं विचारलं, तेव्हा आप्पा किती हसले होते! त्या हसण्यात घाट मागं पडला. पण म्हस तीच आहे, ब्रेक तेच आहेत आणि आप्पा आता ब्याऐंशीचे आहेत.

आपलं जुनं भांडण आठव. देशातली सगळ्यात वाईट गाडी कोणती? तू कायम स्टँडर्ड २००० चं नाव घ्यायचास. १९८५ साली मद्रासहून निघाली, रोव्हरचं देखणं अंग आणि पोटात जुन्या व्हॅनगार्डचं दोन लिटरचं इंजिन. पेट्रोल पिण्यात पटाईत, किंमत अशी की कारखानदारानंही दोनदा विचार करावा. तीन-एक वर्षांत बंद. मी बंगळुरूच्या बादलचं नाव घ्यायचो, तीन चाकांची, फायबरची, मागं स्कूटरएवढं इंजिन. डॉल्फिन गाडीवरून तर आपण आठवडाभर बोललो नव्हतो. मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतीत पळालेली गाडी वाईट कशी, असं तुझं म्हणणं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आल्यावर तिला कोण विचारतो, असं माझं. मजा होती त्या भांडणात. पण त्यात आपण सगळं मोजलं ते गाडी किती पळते, किती पिते, किती बंद पडते यावर. बंद पडणारी गाडी माणसाला रस्त्याच्या कडेला बसवते, फार तर चार माणसं धक्का मारायला लागतात. न थांबणाऱ्या गाडीचं तसं नाही. मी चालवलेल्या गाड्यांत सगळ्यात वाईट म्हसच, आणि ती तिच्या ब्रेकपायी. दाराला बांधलेली सुतळी, पायाखालच्या भोकातून दिसणारा रस्ता, उतार बघूनच पार्किंग, पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं, हे सगळं मी आनंदानं सोसलं असतं.

आपल्या उद्यमनगरातल्या बाळूनं मला काल चाकं काढून दाखवली. चारही चाकांना ड्रम. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर राहिला की ड्रम तापतो, तापून फुगतो, लायनर त्याला धरेनासं होतं. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. जुनं झालेलं ऑइल तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल दाबलं की ती वाफच दबते, चाकापर्यंत जोर जातच नाही. गार झालं की पॅडल परत वर. म्हणून तर खाली सपाटीला आल्यावर आप्पांना वाटलं असणार, झालं नीट. वर हिची ब्रेकची लाइन एकच. एका चाकाचं रबर फुटलं की चारही चाकं गेली. नंतरच्या गाड्यांत दोन वेगळ्या लाइनी असतात, एक गेली तरी दुसरी निम्मं काम करते. बाळू म्हणाला, ‘दादा, रबरं मी नवी घालतो, ऑइल बदलतो, पण घाटात पाठवू नगा.’ आप्पांना हे कोण सांगणार, हे त्यानं नाही विचारलं.

आता तू म्हणशील, जुना पत्रा भक्कम असतो. तुझं हे वाक्य मला पाठ आहे. तर ऐक. २००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेनं १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू ताशी ६४ किलोमीटरनं समोरासमोर आदळवल्या. बेल एअर म्हणजे आपल्या गल्लीत मावणार नाही एवढं धूड. तिचा भक्कम पत्रा आत घुसला, स्टिअरिंग आत आलं. माणूस असता तर तिथंच संपला असता. मालिबूतल्या पुतळ्याच्या पायाला काय ती इजा. पत्रा किती जाड यापेक्षा तो कुठं चुरगळायचा आणि कुठं नाही, हे आधी ठरवलेलं असावं लागतं. म्हशीत ते कुणी ठरवलेलंच नाही. तिचं स्टिअरिंग म्हणजे सरळ छातीवर रोखलेली पहार आहे. पट्टेही नाहीत. नव्या गाड्यांनी तरी काय दिवे लावले, २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत आपल्याकडच्या पाचही छोट्या गाड्यांना शून्य तारे मिळाले, हा तुझा पुढचा मुद्दा. खरा आहे. पण त्यातल्या प्रत्येकीचे ब्रेक लागत होते, विज्या.

संजूला फोन केला पुण्याला. त्याचं एकच, ‘स्क्रॅपला द्या. सरकारी मान्यतेच्या केंद्रावर देऊन सर्टिफिकेट घ्या, विषय संपला.’ त्याच्यासाठी विषय संपतो. तो त्या अंगणात राहत नाही.

इकडं आप्पांची उलट तयारी चाललीय. नोव्हेंबरात आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत संपते. वीस वर्षांपुढच्या गाडीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये होते, ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० झाले. मला वाटलं, आकडा ऐकून तरी माघार घेतील. ‘दहा तर दहा,’ म्हणाले, आणि उशाखालून पेन्शनचं पाकीट काढलं. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती नवी नंबर प्लेट बसवायचा नियम आला, तेव्हा अख्ख्या गल्लीत पहिली प्लेट म्हशीला लागली. सगळ्या अंगावर तेवढीच एक वस्तू नवी. लायसनही पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं, फॉर्म १-अ वर डॉक्टरांची सही लागते. गेल्या खेपेला डॉक्टरांनी समोर बसवून, चहा पाजून सही करून दिली. आप्पांना नाही म्हणायचं धाडस गावात कुणालाच होत नाही, ही खरी अडचण आहे.

आणि का होत नाही, तेही तुला कळतं. कंपनी बंद पडून जमाना झाला. पार्ट मिळत नाहीत म्हणून लोकांनी या गाड्या भंगारात घातल्या. आप्पांनी किंग पिनचे बुश स्वतः लेथवर काढले, पाण्याच्या पंपाचा इंपेलर आपल्याच फौंड्रीत ओतून घेतला, दाराची बिजागरी घासून बसवली. निम्मी म्हस त्यांनी हातानं घडवलीय. तिला वाईट म्हटलं की ते त्यांच्या हाताला म्हटल्यासारखं होतं. त्यांचा हात अजून वाईट नाही, हे मला माहीत आहे. पन्हाळ्याचा उतार त्यांनी परवाही तसाच उतरवला असणार, तिसऱ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, डोंगराला घासत. ब्याऐंशीच्या माणसानं! मला त्याचा अभिमानही वाटला आणि रात्रभर झोपही लागली नाही. उद्या समोरून शाळेची पोरं आली असती तर? एस.टी. आली असती तर? पहिला गिअर वेळेत पडला नसता तर? या वयात हात किती काळ साथ देईल, यावर मी कुणाच्या पोराचा जीव लावू शकत नाही.

किल्ली लपवणार नाही. ज्या माणसानं मला गाडी शिकवली त्याच्यापासून किल्ली लपवायची, हे माझ्यानं होणार नाही आणि त्यांच्या जिव्हारी लागेल. भंगारातही घालणार नाही. माझ्या मनात असं आहे: आरसीचं नूतनीकरण करायचं नाही. मुदत संपली की गाडी रस्त्यावर आणता येत नाही, मग अंगणात ठोकळ्यांवर चढवून ठेवायची. आप्पांनी हवं तेव्हा इंजिन सुरू करावं, पॉलिश करावी, बाळूच्या हाताखालच्या पोरांना बोलावून कार्बोरेटर उघडून दाखवावा. त्या पोरांनी चोक पाहिलेला नाही, आप्पा शिकवतील तर शिकतील. आणि लायसन त्यांनी आपण होऊन ठेवून द्यावं.

हे त्यांना तू सांगायचंस. मी सांगितलं तर पोरगा हिशेब करतोय असं वाटेल. संजूनं सांगितलं तर रागावतील. तुझं ऐकतील, कारण त्या दिवशी हँडब्रेकला हात तुझा होता. ‘त्यानं ओढला म्हणून वाचलो,’ हे ते आईजवळ एकदाच, नाव-गाव न सांगता, ‘एकदा एका पोरानं’ असं म्हणून बोलले होते. मी दाराआड होतो.

म्हणून ये. खंडेनवमीला आप्पा पहाटे उठून म्हशीला धुतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, तुला माहीतच आहे. त्या दिवशी त्यांचं मन मऊ असतं. पूजा झाली की तू त्यांना गाडीतच बसव, पुढच्या सीटवर, आणि अंबा घाटाचं बोल. पन्हाळ्याचं त्यांना आपण होऊन सांगू दे, तू विचारू नकोस. मी आत चहाला थांबेन. महाराष्ट्र एक्स्प्रेसचं आजच्या आज बघ, दसऱ्याला जागा मिळत नाही.

तुझं काय चाललंय? नव्या घराचा ताबा मिळाला का? रोह्याची बारावी आहे ना यंदा, त्याला फार पिडू नकोस. वहिनींच्या मानेचं कमी आहे असं सुलू म्हणत होती. ताईला माझा नमस्कार कळव.

तोवर मी ब्रेकचं ऑइल काढून ठेवलंय, आणि आप्पांना बाळूकडं रबरं यायची आहेत असं सांगितलंय. ती आलेली आहेत. दहा-बारा दिवस हे चालेल, त्यापुढं ते स्वतः उद्यमनगरात चालत जाऊन विचारतील.

तुझाच,
अन्या

ता. क. तिकीट झालं की सुलूच्या फोनवर नुसतं ‘दसऱ्याला येतोय’ एवढंच टाक. संत्रा बर्फी दोन डबे आण, एक आप्पांना वेगळा. आणि हे पत्र वहिनींना दाखवलंस तरी चालेल, पण घाटाचं पान काढून.